चिपाडाचा धूर, चपलांचा धूर

पुणे-सोलापूर महामार्गावर यवत सोडलं की चौफुला, वरवंड, पाटस, कुरकुंभ अशी दौंड तालुक्यातली गावं ओळीने लागतात. मुळा-मुठेच्या कालव्यांनी हा पर्जन्यछायेतला पट्टा बागायती केला, ऊस वाढला आणि उसामागोमाग गुऱ्हाळं आली. पाटसला भीमा सहकारी साखर कारखानाही आहे. कारखान्याचं धुराडं उंच असतं आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कागदावर त्याची नोंद असते. गुऱ्हाळाचं धुराडं बुटकं. ओल्या चिपाडाचा धूर पांढुरका असतो, वाळलेल्याचा विरळ. मात्र या पट्ट्यात काही धुराड्यांतून काळाकुट्ट धूर निघतो आणि त्याला जळक्या रबराचा वास येतो.

दौंड तालुक्यातल्या काही गुऱ्हाळांत चिपाडाबरोबर प्लास्टिकचा कचरा, टायरचे तुकडे, चपला-बुटांची कतरण चुलवाणात घातली जाते, ही तक्रार जुनी आहे. गावकऱ्यांनी ती वेळोवेळी मांडली, वर्तमानपत्रांनी छापली. सगळीच गुऱ्हाळं तसं करत नाहीत. पुष्कळ ठिकाणी आजही काहील चिपाडावरच उकळते. पण जिथे करतात, तिथे का करतात हे आधी समजून घ्यायला हवं, कारण त्यामागे साधा हिशेब आहे.

ताज्या चिपाडाच्या वजनात जवळजवळ निम्मं पाणी असतं. ते उन्हात पसरून वाळवावं लागतं, त्याला जागा लागते, माणसं लागतात. पावसाळ्यात ते वाळतच नाही. किलोभर ओल्या चिपाडातून सात-आठ मेगाज्यूल उष्णता मिळते. किलोभर पॉलिथिनमधून ४० मेगाज्यूलहून जास्त मिळते, म्हणजे जवळपास डिझेलइतकी. पॉलिथिन बनतंच मुळी खनिज तेलापासून. टायर तीसच्या आसपास. शिवाय हा माल कचरा म्हणून जवळजवळ फुकट पदरात पडतो. हिशेब पक्का आहे, फक्त त्यात धूर धरलेला नाही.

धूर आपण कसा मोजतो? वजनात. हवेच्या एका घनमीटरमध्ये २.५ मायक्रॉनपेक्षा लहान कण किती मायक्रोग्रॅम आहेत, हा झाला पीएम २.५. माणसाचा केस ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून या कणांच्या आकाराची कल्पना यावी. मोठी धूळ नाकात, घशात अडकते आणि शिंकेबरोबर, कफाबरोबर बाहेर पडते. हे बारीक कण मात्र थेट फुप्फुसातल्या वायुकोशांपर्यंत जातात. त्यांतले सर्वात बारीक कण रक्तातही उतरतात. म्हणूनच या प्रदूषणाने दम्याइतकाच हृदयविकार आणि पक्षाघातही वाढतो.

पण वजन सारखं म्हणून विषही सारखं, असं नसतं. काजळीचा कण सच्छिद्र असतो, घरातल्या पाण्याच्या फिल्टरमधल्या कोळशासारखा. जे जवळ येईल ते तो पृष्ठभागावर धरून ठेवतो. शेतातल्या मातीचा कण आणि टायरच्या धुरातला कण तराजूत एकाच मापाचे भरतील. पहिल्यावर बहुतेक खनिजं असतील. दुसऱ्यावर जस्त, गंधकाची संयुगं आणि बहुचक्रीय हायड्रोकार्बनांचा थर असेल.

या थरातलं सर्वात कुप्रसिद्ध नाव बेंझोपायरिन. त्याची कथा जुनी आहे. १७७५ साली लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी लिहून ठेवलं की धुराडी साफ करणाऱ्या पोरांना पुढे वृषणकोशाचा कर्करोग होतो आणि त्याचं कारण काजळी आहे. व्यवसायातून होणाऱ्या कर्करोगाची ही पहिली ठळक नोंद. १९१५च्या सुमारास जपानमध्ये यामागिवा आणि इचिकावा यांनी सशांच्या कानांना महिनोन्महिने डांबर चोळून कर्करोग निर्माण करून दाखवला. १९३०च्या दशकात इंग्लंडमधल्या रसायनशास्त्रज्ञांनी डांबरातून बेंझोपायरिन वेगळं काढलं. गंमत म्हणजे हा रेणू स्वतः फारसा क्रियाशील नाही. तो शरीराबाहेर टाकता यावा म्हणून पेशीतली विकरं त्याला पाण्यात विरघळेल असं रूप देऊ पाहतात आणि त्या खटाटोपात तो डीएनएला चिकटणारा रेणू होऊन बसतो. पेशींच्या बेबंद वाढीला लगाम घालणाऱ्या पी-५३ या जनुकात तो नेमका कुठे चिकटतो, हेही १९९६ साली दाखवलं गेलं. फुप्फुसाच्या कर्करोगात ज्या जागी बिघाड वारंवार सापडतात, त्याच त्या जागा.

चिपाड जाळलं तरी थोडं बेंझोपायरिन तयार होतंच. घरची चूलही त्यातून सुटलेली नाही. त्यामुळे ‘फक्त चिपाड जाळा, म्हणजे हवा शुद्ध’ असं म्हणणं खोटं ठरेल. फरक पडतो तो क्लोरीनमुळे. पीव्हीसी या प्लास्टिकच्या वजनात निम्म्याहून अधिक, सुमारे ५७ टक्के क्लोरीन असतं. स्वस्त चपलांचे तळवे, रेक्झिन, वायरींची वेष्टणं यांत पीव्हीसी असतं. ते तापलं की आधी हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते. डोळे चुरचुरतात आणि घसा खवखवतो तो तिच्यामुळे. पुढे धूर थंड होत असताना, साधारण २०० ते ४०० अंशांच्या टप्प्यात, काजळीच्या पृष्ठभागावर कार्बन आणि क्लोरीन यांची संयुगं जुळतात. ही विषारी डायॉक्सिनं. ती नष्ट करायची तर धूर ८५० अंशांच्या वर निदान दोन सेकंद राहावा लागतो. सिमेंटच्या भट्टीत याहून कितीतरी जास्त तापमान असतं, म्हणून तिथे प्लास्टिक जाळायला नियमांत वाव आहे. गुळाच्या चुलवाणात आगीच्या पोटात तापमान भरपूर असेलही, पण धूर काहिलीखालून सरकत लगेच निवतो आणि बुटक्या धुराड्यातून बाहेर पडतो.

यापुढची गोष्ट मला या सगळ्यात जास्त महत्त्वाची वाटते, आणि तिची चर्चा सर्वात कमी होते. डायॉक्सिनं श्वासातून थोडीच जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते माणसाच्या शरीरात ती ९० टक्क्यांहून अधिक अन्नातून येतात, मुख्यतः दूध, मांस आणि मासे यांतून. काजळीचा कण चाऱ्यावर बसतो, चारा गाईच्या पोटात जातो आणि डायॉक्सिन चरबीत विरघळणारं असल्याने दुधाच्या स्निग्धांशात उतरतं. माणसाच्या शरीरात एकदा साठलं की त्यातलं निम्मं बाहेर पडायला सात ते अकरा वर्षं लागतात. दक्षिण इटलीत नेपल्सच्या परिसरात वर्षानुवर्षे कचरा बेकायदा जाळला जात होता. २००८ साली त्या भागातल्या म्हशींच्या दुधात मर्यादेपेक्षा जास्त डायॉक्सिन सापडलं आणि जपान व दक्षिण कोरियाने तिथल्या मोझरेला चीजची आयात थांबवली. दौंड तालुका उसाचा आहे तितकाच दुधाचाही आहे. ऊस तुटला की वाढे जनावरांपुढे पडतात आणि त्यावर काय बसलंय हे डेअरीवर फॅट तपासताना कळत नाही.

मग हे मोजतं कोण? १८ नोव्हेंबर २००९ रोजी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने हवेची राष्ट्रीय मानकं अधिसूचित केली. त्यात १२ प्रदूषकं आहेत. पीएम २.५ची वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये आपली शिफारस ५वर आणून ठेवली, ती गोष्ट वेगळी. त्याच यादीत कणांवरच्या बेंझोपायरिनची मर्यादा १ नॅनोग्रॅम आहे, म्हणजे धुळीच्या मर्यादेच्या ४० हजारावा भाग. धूळ मर्यादेत राहून बेंझोपायरिन पाचपट झालं, तरी काट्यावर काही हलणार नाही. आणि मोबाइलवर दिसणारा हवेचा निर्देशांक? २०१५ साली सुरू झालेल्या या निर्देशांकात १२पैकी आठच प्रदूषकं धरतात. वगळलेली चार म्हणजे बेंझिन, बेंझोपायरिन, आर्सेनिक आणि निकेल. कर्करोगाशी थेट जोडलेली ही चारही बाहेर राहावीत, याला योगायोग म्हणा किंवा काही. मला तो सोयीचा वाटतो. राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम २०१९ साली आला, तोही शहरांसाठी. पुणे त्यात आहे. पुण्याला गूळ आणि दूध पुरवणारी गावं नाहीत.

पाटसची हवा एका गुऱ्हाळावर ढकलता येत नाही, हेही खरं. महामार्गावरच्या ट्रकांचा डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली जाहीर केलं आणि पुढच्याच वर्षी बाहेरच्या हवेतलं कणप्रदूषणही त्याच वर्गात टाकलं. शेजारी कुरकुंभची रासायनिक औद्योगिक वसाहत आहे. तोडणीनंतर पेटवलेल्या पाचटाच्या काजळ्या अंगणात पडतात. थंडीच्या पहाटे जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार राहते, धूर वर चढत नाही, आणि हे सगळं एकाच थरात मुरतं. शाळेला निघालेली पोरं त्याच वेळी रस्त्यावर असतात.

सगळ्यात जास्त मात्रा चुलवाणाशी जाळ घालणाऱ्याला मिळते. तो बहुतेकदा परगावचा, काही ठिकाणी परराज्यातला. हंगाम संपला की तो जातो आणि वीस वर्षांनी होणारा आजार इथल्या कोणत्याही दवाखान्याच्या नोंदीत येत नाही. बिडी न ओढणाऱ्यालाही सीओपीडी, म्हणजे दम लागणारा फुप्फुसाचा जुनाट आजार, होतो, हे आता वादातीत आहे. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं होतं की या रुग्णांपैकी २५ ते ४५ टक्के जणांनी कधीच धूम्रपान केलेलं नसतं. तोंडाला ओला रुमाल बांधल्याने बारीक कण अडत नाहीत. एन-९५ मुखवटा कण अडवतो, आम्लाची वाफ नाही.

करण्यासारखं बरंच आहे आणि त्यातलं फारसं महागडं नाही. चिपाड वाळवून साठवायला छपराची शेड, आणि निघून जाणाऱ्या धुराच्या उष्णतेवर पुढचा रस आधीच तापवणारी सुधारित भट्टी, एवढ्यावर बाहेरच्या जळणाची गरज बरीचशी संपते. प्रदूषण नियंत्रण मंडळाने पाटस-वरवंड पट्ट्यात एका हंगामापुरते तरी कणांचे आणि दुधाचे नमुने घेऊन त्यातलं बेंझोपायरिन आणि डायॉक्सिन तपासावं. शिरूर तालुक्यातल्या वढूला केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राचं ग्रामीण आरोग्याचं काम वर्षानुवर्षे चालू आहे. तसं काम, आजारांच्या नोंदवहीसह, दौंडलाही हवं. आणि पुण्यातल्या गिऱ्हाइकाने, गूळ सेंद्रिय आहे का असं विचारताना, तो कशाच्या जाळावर शिजला हेही दुकानदाराला विचारावं.