दुपारचे बँड

मुशायऱ्यात नवा शायर आधी वाचतो, उस्तादांची पाळी शेवटी येते. शहरांतल्या संगीत महोत्सवांची रीतही तीच. नामवंत बँड रात्री, दिव्यांच्या झगमगाटात. होतकरू बँड भरदुपारी, लहान मंचावर, तुरळक श्रोत्यांपुढे.

या होतकरूंना ‘इंडी’ म्हणतात, म्हणजे इंडिपेंडंट, स्वतंत्र. सिनेमाचा किंवा बड्या कंपनीचा आधार न घेता ते स्वतःच गाणे लिहितात, चाल बांधतात, ध्वनिमुद्रणाचा खर्चही बहुधा स्वतःच सोसतात. मुंबईत १९८६ साली ‘इंडिपेंडन्स रॉक’ सुरू झाला, तेव्हा परदेशी गाणी हुबेहूब वाजवणारे बँडच अधिक. ‘रॉक मशीन’ने १९८८ मध्ये स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला, हे म्हणूनच धाडस होते. २०१० मध्ये पुण्यात ‘एनएच सेव्हन वीकेंडर’ सुरू झाला. एकाच आवारात अनेक मंच असल्याने रसिक इकडून तिकडे फिरे आणि कधी न ऐकलेला बँड अवचित कानी पडे.

तेव्हा तिकीट काढलेच आहे, तर दुपारीच जावे. एका मंचापाशी निदान दोन गाणी थांबावे. पहिल्या गाण्यात पोरे बुजलेली असतात, आवाजाची जुळणीही चाललेली असते. खरा सूर पुष्कळदा दुसऱ्यात लागतो. आवडले तर नाव टिपून घ्यावे, चार जणांना सांगावे. रात्रीच्या नामवंताचे आपल्या टाळीवाचून अडत नाही. दुपारच्या पोरांनी पुढचे गाणे लिहायचे की गिटार खुंटीला टांगायची, हे मात्र कधी कधी अशा वीस-पंचवीस टाळ्यांवर ठरते.