निमंत्रणपत्रावरील उठावाची अक्षरे

या समारंभाचे निमंत्रणपत्र हाती पडल्यावर अनेक माजी विद्यार्थ्यांनी आम्हांस एकच प्रश्न विचारला, की हे कोणत्या छापखान्यात छापले? मजकूर छापखान्यातलाच आहे. परंतु त्यावरील सोनेरी पिंपळपान आणि 'नमो बुद्धाय' ही बोटाला लागणारी अक्षरे आपल्या वसतिगृहातील मुलामुलींनी कलेच्या तासाला उमटविली आहेत. ती कशी उमटली, आणि त्या कामातून आणखी काय काय निघाले, ते येथे सांगत आहोत.

अशी छपाई आपणांस नवी नाही. लग्नसराईत मंगल परिणयाच्या ज्या पत्रिका घरोघरी येतात, त्यांवर तथागत आणि बाबासाहेब यांच्या चित्रांखाली वधूवरांची नावे चकाकत्या, फुगीर अक्षरांत असतात. ती साच्याने दाबून उठविली असावीत, असा पुष्कळांचा समज आहे. पत्रिका उलटून पाहावी. पाठीमागे खळगा नसतो. ओल्या शाईवर राळेसारख्या पदार्थाची बारीक भुकटी पसरतात, कोरड्या जागेवरची भुकटी यंत्र शोषून घेते, आणि कागद तापलेल्या पेटीतून पुढे सरकतो. शाईला चिकटलेले कण वितळून एकजीव होतात व निवताच कडक होतात. मुंबईत गिरगावातील खाडिलकर मार्गावर लग्नपत्रिकांची दुकाने ओळीने आहेत. तेथील बहुतेक दुकानांत या छपाईचे नमुने पाहावयास मिळतात.

हीच गोष्ट हाताने करण्यासाठी बाजारात एम्बॉसिंग पावडर मिळते. आम्ही मुलांना खोडरबरावर शिक्के कोरावयास लावले. साधी शाई लवकर वाळते, म्हणून तिच्यात थोडे ग्लिसरीन मिसळले. शिक्का उमटवावा, लगेच भुकटी टाकावी, कागद दुसऱ्या कागदावर आपटून जास्तीची भुकटी झटकावी आणि ती पुन्हा डबीत भरावी. डबी फार दिवस पुरते ती यामुळेच. मग हीट गनने उष्णता द्यावी. केस वाळविण्याचे यंत्र येथे चालत नाही. त्याची उष्णता अपुरी पडते आणि वाऱ्याने भुकटी मात्र उडून जाते. मेणबत्तीवर कागद धरण्याचा मोह मुलांना होतो. काजळी धरते, कागद पेटतो, बोटे भाजतात. आमच्याकडे हीट गन केवळ शिक्षकांच्या हाती असते आणि खिडक्या उघड्या असतात.

आमचा पहिला प्रयत्न फसला, हे सांगितले पाहिजे. हिवाळ्यातील कोरड्या हवेत कागदावर स्थिर विद्युत साठते, भुकटीचे कण नको तेथे चिकटतात आणि उष्णता देताच अक्षरांभोवती पुरळ उठल्यासारखे दिसते. जवळजवळ सारा गठ्ठा वाया गेला. उपाय अगदी घरगुती निघाला. पातळ फडक्यात अंगाला लावायची पावडर बांधून तिची पुरचुंडी कागदावर आधी फिरवायची. दुसरी चूक अतिउत्साहाची होती. भुकटी चकाकू लागली की उष्णता थांबवावी. अधिक दिली तर ती कागदात मुरते, चकाकी जाते आणि तेलाचा डाग पडल्यासारखे दिसते.

पिंपळपानांना मात्र धीर लागला. पाने काही आठवडे पाण्यात कुजवून, मऊ ब्रशने त्यांवरचा गर काढला, की शिरांची जाळी उरते. लहानपणी वहीत जपून ठेवलेले जाळीदार पान अनेकांना आठवेल. त्या जाळीच्या कडेला किंचित डिंक लावून सोनेरी भुकटी टाकली आणि उष्णता दुरूनच दिली, कारण वाळलेले पान लगेच गुंडाळते. निमंत्रणपत्रावरचे पान हे या जाळीवरून घेतलेल्या ठशाचे आहे. खरी पाने प्रदर्शनात मांडली आहेत.

पंचरंगी ध्वजही मुलांनी केला. निळा, पिवळा, लाल, पांढरा आणि केशरी, असा एकेक पट्टा वेगळा उमटवून वेगळा तापवावा लागतो, नाहीतर रंग एकमेकांत मिसळतात. सहाव्या पट्ट्यात पाचही रंगांचे लहान तुकडे असल्याने सर्वाधिक वेळ त्यालाच लागला. पांढऱ्या कागदावरचा पांढरा पट्टा डोळ्यांना जेमतेम दिसतो, बोटाला मात्र स्वच्छ कळतो. यावरून एका विद्यार्थ्याने विचारले, की मग या भुकटीने ब्रेल लिहिता येईल का? ब्रेलचा ठिपका साधारण अर्धा मिलिमीटर उंच असतो. भुकटीचे थर एकावर एक चढवून तेवढी उंची गाठता येते. पण 6 ठिपक्यांमधील अंतर हाताने नेमके राखणे कठीण, आणि चुकलेला ठिपका म्हणजे चुकलेले अक्षर. त्यासाठी ब्रेलची पाटीच वापरावी. भुकटीच्या जाड रेषांनी स्पर्शाने कळणारा नकाशा मात्र काढता येईल, आणि तो आम्ही करून पाहणार आहोत.

आम्हांस सर्वांत भावलेला प्रयोग अगदी साधा होता. रंगहीन शाई आणि रंगहीन भुकटी घेऊन पांढऱ्या कागदावर लिहावे. काहीच दिसत नाही. त्यावरून पातळ रंगाचा हात फिरविला, की राळेवर पाणी ठरत नाही आणि अक्षरे पांढरीच राहून उजळून दिसतात. आपल्या काही मुलांचे आईवडील दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात ते उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. या मुलांनी अशी कोरी दिसणारी पत्रे पाठविली. पत्त्यात कारखान्याचे व मुकादमाचे नाव आणि सोबत निरोप, की यावर हळदीचे पाणी किंवा चहा फिरवा. एका आईने कोपीसमोर बसून उरलेल्या चहात फडके बुडवून ते कागदावर फिरविले. लिहितावाचता न येणाऱ्या त्या माउलीने लेकीच्या नावाचे वळण ओळखले, कारण ते तिने लेकीच्या दप्तरावर अनेकदा पाहिले होते. गाव सोडताना तिने तो कागद जपून आणला आणि लेकीच्या भेटीला आली तेव्हा आम्हांस दाखविला. आजूबाजूला चहाचा तपकिरी डाग, मधोमध पांढरे नाव.

या भुकटीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. बाजारातील बहुतेक पावडर म्हणजे एक प्रकारचे प्लास्टिकच होय; चमकी मिसळलेली असेल तर अधिकच. म्हणून सगळे पान माखण्यापेक्षा एखादी रेघ किंवा एखादे नाव उठविणे आम्हांस योग्य वाटते. पूर्वी शुद्ध राळही वापरीत. चित्रकार आजही तांब्याच्या पत्र्यावर राळेची पूड तापवून अॅक्वाटिंट पद्धतीची मुद्राचित्रे करतात. पण राळेच्या धुराने दम्याचा त्रास होऊ शकतो, त्यामुळे मुलांच्या वर्गात आम्ही ती आणली नाही.

निमंत्रणपत्र जपून ठेवणाऱ्यांसाठी एक सूचना. ते उन्हात, पत्र्याच्या छपराखालील पेटीत किंवा इस्त्रीजवळ ठेवू नये. अक्षरे मऊ पडून समोरच्या पानाला चिकटतात. मध्ये पतंगाचा कागद घालून वहीत सपाट ठेवावे.