संमतीची संकल्पना आणि सचित्र पुस्तके

'संमती' हा शब्द मराठी वैचारिक गद्यास नवा नाही. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलीच्या संमतीची वयोमर्यादा १० वरून १२ वर्षांवर नेली, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला. तो प्रामुख्याने धर्मशास्त्र आणि परकीय सरकारचा अधिकार यांभोवती फिरला. जिच्या संमतीविषयी हे सारे चालले होते, तिचा होकार वा नकार ओळखावा कसा, हा प्रश्न गौणच राहिला. मौन हे संमतीचे लक्षण मानण्याची वृत्ती आपल्या भाषाव्यवहारात आजही मुरलेली आहे. किशोरवयीनांसाठी लिहिलेल्या अलीकडील सचित्र पुस्तकांचा आघात नेमका याच वृत्तीवर आहे.

अमेरिकन चित्रकर्ती रेचल ब्रायन यांचे कार्य या दृष्टीने लक्षणीय ठरते. एमेलिन मे यांच्या लेखनावर आधारलेल्या २०१५ च्या त्यांच्या लघुपटात संमतीसाठी चहाचे रूपक योजिले आहे. नको म्हणणाऱ्यास चहा पाजू नये, आधी हो म्हणून मन बदलणाऱ्यासही पाजू नये, आणि बेशुद्ध माणसास तर मुळीच नाही. रूपक सुबोध आहे. परंतु मराठी वाचकाच्या संदर्भात ते उलटण्याचा संभव आहे. आपल्याकडे पाहुण्याचे पहिले 'नको' हा शिष्टाचार आणि यजमानाचा आग्रह हे आतिथ्य मानले जाते. भिडेखातर घेतलेला चहा कोणास अपरिचित आहे? त्यामुळे या रूपकाचे केवळ भाषांतर पुरेसे होणार नाही. आग्रह आणि संमती यांतील भेद स्वतंत्रपणे विशद करावा लागेल.

ब्रायन यांच्या 'कन्सेंट (फॉर किड्स!)' (२०२०) या पुस्तकात रूपक बदलते. येथे मूल हे स्वतःच्या देहरूपी राज्याचे अधिपती आहे आणि त्या राज्याच्या सीमा तेच आखते. या सीमा व्यक्तीनुसार व प्रसंगानुसार बदलू शकतात. चित्रभाषेचे सामर्थ्य अशा आशयात विशेष जाणवते. ओठांवर 'हो' असताना आखडलेले खांदे आणि मागे सरलेले पाऊल 'नको' म्हणत आहेत, ही विसंगती गद्यास परिच्छेदभर सांगावी लागते; चित्र ती एका चौकटीत दाखविते.

२००७ मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांनी शालेय लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम नाकारला, तेव्हा आक्षेपांचा एक रोख चित्रांवरच होता. संमतीचे शिक्षण मात्र नग्नतेच्या चित्रणावाचून होऊ शकते, कारण त्याचा विषय दोन व्यक्तींमधील व्यवहार हा आहे.

येथे एक मर्यादा स्पष्ट करणे अगत्याचे आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्तीची लैंगिक कृतीस दिलेली संमती ग्राह्य नाही. म्हणून बालकांसाठीच्या पुस्तकाने शरीरस्वायत्तता शिकवावी. 'नाही' म्हणता न आलेल्या मुलावर दोष येईल अशी मांडणी टाळावी. 'चांगला स्पर्श, वाईट स्पर्श' या सूत्रात ओळखण्याचा भार मुलावर पडतो. संमतीच्या मांडणीत विचारण्याचे आणि उत्तर मानण्याचे दायित्व दुसऱ्या व्यक्तीवर येते. मराठी बालसाहित्याच्या अभ्यासकांनी अशा पुस्तकांचे मूल्यमापन करताना हा भेद निकष म्हणून स्वीकारणे उचित ठरेल.