'वय झालं' हे निदान नव्हे

सत्तरीतल्या माणसाने खांदे दुखतात म्हटलं की घरात, शेजारी, कधी कधी दवाखान्यातही एकच उत्तर मिळतं : वय झालं, आता अंग दुखणारच. हे वाक्य ऐकून ऐकून आता राग येतो. पॉलिमायाल्जिया रुमॅटिका हा औषधाने आटोक्यात येणारा आजार या वाक्यापायी महिनोन् महिने अंगावर काढला जातो.

वयाची झीज वर्षानुवर्षं हळूहळू वाढते. हा आजार काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत माणसाला जखडतो. गेल्या महिन्यापर्यंत स्वतःची वेणी घालणाऱ्या आजींचा हात डोक्यापर्यंत जात नाही, रात्री कूस बदलता येत नाही, खुर्चीतून उठायला कुणीतरी लागतं. दोन्ही खांदे, मान, कंबर, मांड्या धरतात. सकाळचा ताठरपणा पाऊण तासाहून जास्त टिकतो आणि दिवस चढेल तसं अंग मोकळं होतं. झिजलेल्या गुडघ्याचं उलट असतं : तो चालल्यावर जास्त दुखतो. 'कधीपासून?' आणि 'सकाळी किती वेळ?' एवढे दोन प्रश्न विचारले तरी संशय यायला हवा. ते विचारलेच जात नाहीत आणि तेल चोळणं सुरू राहतं.

'आरए फॅक्टर (संधिवातासाठीची रक्तचाचणी) निगेटिव्ह, एक्स-रे ठीक, म्हणजे काही नाही' हा याच समजुतीचा धाकटा भाऊ. युरोप आणि अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी २०१२ साली दिलेल्या निकषांत आरए फॅक्टर आणि तशीच दुसरी चाचणी, अँटी-सीसीपी, निगेटिव्ह असणं हे या आजाराच्या बाजूने धरलं आहे. पाहायचे ते रक्तातला दाह दाखवणारे ईएसआर आणि सीआरपी.

स्नायू दुखतात म्हणून स्नायूंची इजा दाखवणारा रक्तातला सीपीके वाढेल, असंही नाही. दाह मुख्यतः खांद्या-खुब्याच्या सांध्यांच्या आणि त्यांच्या आसपासच्या आवरणांत असतो. सीपीके वाढलेला दिसला तर स्टॅटिनची गोळी, थायरॉइड किंवा स्नायूंचा दुसरा आजार तपासावा.

स्टिरॉइडने दोन-चार दिवसांत आराम पडला म्हणजे निदान पक्कं झालं, हेही खरं नाही. इतर संधिवातही त्याने दबतात. म्हणून तर 'वाताची पुडी' घेऊ नये : तिच्यात लपवलेलं स्टिरॉइड असलं तर खरा आजार झाकला जातो. डॉक्टर या आजारात प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड सहसा दिवसाला १२.५ ते २५ मिलिग्रॅमने सुरू करतात आणि डोस महिनोन् महिने हळूहळू उतरवतात. बरं वाटलं म्हणून ते आपल्या मनाने थांबवू नये.

आणि हा आजार फक्त दुखण्यापुरता असतो, ही समजूत सर्वांत घातक. काही रुग्णांत सोबत जायंट सेल आर्टरायटिस, म्हणजे रक्तवाहिन्यांचा दाह असतो. कानशिलाशी नवीनच डोकेदुखी, चावताना जबडा भरून येणं, एका डोळ्यापुढे अचानक अंधारी, यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. अशा वेळी कानशिलाच्या रक्तवाहिनीच्या बायोप्सीच्या रिपोर्टची वाट पाहत नाहीत. दृष्टी एकदा गेली की सहसा परत येत नाही, म्हणून स्टिरॉइड आधी सुरू करतात.