शितावरून भाताची परीक्षा, पण शीत कुठलं?
(मुलामुलींच्या इंग्रजीच्या तोंडी परीक्षेविषयी)

बोईसरहून आम्ही बचतगटाच्या बायका बोलतोय. एरवी आम्ही कर्जाचे हप्ते, पापड-मसाल्याची विक्री, रेशनकार्ड अशा गोष्टींवर बोलतो. आजचा विषय जरा वेगळा आहे. आपल्या मुलामुलींची इंग्रजीची तोंडी परीक्षा. "आम्हाला कुठे इंग्रजी येतं?" असं म्हणून रेडिओ बंद करू नका. इंग्रजी न येणाऱ्या आईलाही या परीक्षेसाठी बरंच काही करता येतं. तेच आज सांगायचं आहे.

आधी एक घडलेली गोष्ट. आमच्या गटातल्या एका ताईंची मुलगी बारावी झाली आणि एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मुलाखतीला गेली. अर्ज तिने स्वतः इंग्रजीत भरला, अक्षर सुरेख. मग समोरच्या साहेबांनी विचारलं, "हाउ डिड यू कम हिअर टुडे?" म्हणजे, आज इथे कशी आलीस? मुलगी पाड्यावरून सहाआसनीने नाक्यावर आली होती, पुढे चालत गेली होती. ऑटो, रोड, वॉक हे सगळे शब्द तिला येत होते. पण तोंडातून एक शब्द फुटला नाही. घरी आली ती भिंतीकडे तोंड करून पडली, जेवलीसुद्धा नाही.

पुढच्या मीटिंगला तिच्या आईने आम्हाला विचारलं, "दहावीला हिला इंग्रजीच्या तोंडीत वीसपैकी अठरा मिळाले होते. मग ही गप्प का बसली?"

आम्हाला उत्तर देता आलं नाही. म्हणून मुलीलाच विचारलं, तोंडी परीक्षेत काय होतं गं? ती म्हणाली, "एक परिच्छेद होता. सगळ्यांना तोच. पाठ केला, उभं राहून म्हटला, झालं." आम्ही त्या शिक्षकांना दोष देत नाही. एका वर्गात साठ-साठ मुलं, परीक्षेला दोन तास, कुणाकुणाशी बोलणार? पण त्या अठरा गुणांनी मुलीचं पाठांतर मोजलं होतं, बोलणं नव्हे.

आपण म्हणतो ना, शितावरून भाताची परीक्षा. तोंडी परीक्षा तशीच असते. पाच मिनिटांच्या बोलण्यावरून मुलीला एकूण किती बोलता येतं हे ओळखायचं. पण ते शीत तिच्याच पातेल्यातलं हवं. पाठ केलेला परिच्छेद म्हणजे दुसऱ्याच्या पातेल्यातून आणलेलं शीत. त्यावरून आपला भात शिजला की कच्चा आहे, हे कसं कळणार?

आता ही परीक्षा असते कशी, ते बघू. आपल्या राज्यात मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते २००० साली. दहावीला इंग्रजीचे १०० गुण. त्यातले ८० लेखी आणि २० शाळेतले. हे २० गुण शाळेतले शिक्षकच देतात. शाळा हे गुण सढळ हाताने वाटतात, अशी तक्रार जुनीच आहे. २०१८-१९ साली भाषा विषयांचे हे गुण बंद केले आणि सगळा पेपर लेखी झाला. त्या वर्षी दहावीचा निकाल ७७.१० टक्के लागला. आदल्या वर्षी तो ८९.४१ टक्के होता. त्याच वर्षी अभ्यासक्रमही बदलला होता, त्यामुळे सगळं खापर एका गोष्टीवर फोडता येत नाही. पण पालक-शिक्षकांत ओरड झाली आणि पुढच्या वर्षीपासून २० गुण परत आले.

आमचं मत विचाराल तर ते परत आले हे बरं झालं. शाळेत जे तपासलं जातं तेच शिकवलं जातं. बोलणं तपासलंच नाही, तर वर्गात बोलायला कोण लावणार? परीक्षा बंद करण्यात अर्थ नाही, ती खरी व्हायला हवी.

खरी म्हणजे कशी? बाहेर ही परीक्षा कशी घेतात, ते आम्ही समजून घेतलं. विलायतेत केंब्रिज विद्यापीठाने परदेशी लोकांसाठी इंग्रजीची परीक्षा सुरू केली १९१३ साली. सगळे पेपर मिळून बारा तासांची परीक्षा, त्यात मोठ्याने वाचणं आणि गप्पा मारणं हेही होतं. पहिल्या वर्षी तिघेच बसले आणि तिघेही नापास झाले! म्हणजे आपल्याच मुली अडखळतात असं नाही.

आज केंब्रिजच्या बऱ्याच तोंडी परीक्षांत दोन विद्यार्थी एकत्र बसतात आणि परीक्षकही दोन असतात. एक परीक्षक बोलतो, दुसरा फक्त ऐकतो आणि गुण देतो. आपल्या गटात एकजण पैसे मोजते आणि दुसरी वहीत लिहिते, तसंच. दोन कामं एकीवर टाकली की चूक होते.

परदेशी शिकायला किंवा नर्सच्या नोकरीला जाणाऱ्या मुली आयईएलटीएस नावाची परीक्षा देतात. तिच्यात समोरासमोर ११ ते १४ मिनिटं बोलायचं असतं. मध्ये एक विषय लिहिलेलं कार्ड देतात. एक मिनिट विचार करायला, मग दोन मिनिटांपर्यंत बोलायचं. गुण चार गोष्टींना, चारही सारख्या वजनाच्या: बोलणं सलग आणि मुद्द्याला धरून आहे का, शब्द पुरेसे आहेत का, वाक्यरचना कशी आहे, आणि उच्चार कळतात का. साहेबासारखं बोलते का, असा रकाना त्यात नाही.

२००१ साली युरोपातल्या देशांनी मिळून भाषेच्या सहा पायऱ्या छापल्या. प्रत्येक पायरीवर माणूस काय करू शकतो, ते लिहिलं आहे. पहिल्या पायरीवर काय? समोरचा सावकाश बोलला, मदत करायला तयार असला, तर स्वतःविषयी, घराविषयी साधे प्रश्न विचारता येणं आणि उत्तर देता येणं. बस, एवढंच. आपल्या त्या मुलीला विचारलेला प्रश्न जवळपास याच पायरीवरचा होता. अर्ज तिने भरला, पण ही पायरी तिच्याकडून कुणी चढवून घेतली नव्हती.

हे सगळं ऐकल्यावर आम्ही ठरवलं, आपणच एक तोंडी परीक्षा घेऊन बघू. आमच्यात कॉलेजात गेलेल्या दोघीच. बाकीच्या सातवी, दहावी, काही सहीपुरत्या शिकलेल्या. दुसऱ्या शनिवारी अंगणवाडीच्या खोलीत आठ मुली बसवल्या.

पहिला दिवस आमच्यामुळेच फसला, तेही सांगतो. आम्ही सगळ्याजणी समोर ओळीने बसलो, जणू मुलगी बघायचा कार्यक्रम. एका मुलीने 'स्कूल'ला 'इस्कूल' म्हटलं, आमच्यातली एकजण हसली, आणि पुढच्या तिन्ही मुलींनी तोंडच उघडलं नाही. शिवाय प्रश्न विचारून आम्ही लगेच दुसरा विचारत होतो. अमेरिकेत मेरी बड रो नावाच्या बाईंनी वर्गांत जाऊन हे मोजलं होतं. शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबतात. तीनेक सेकंद थांबले, तर मुलं जास्त बोलतात आणि गप्प बसणारी मुलंही उत्तर देतात. आपल्या मुली तर प्रश्न इंग्रजीत ऐकतात, मराठीत उलगडतात, पाड्यावरच्या काहीजणी वारलीत विचार करतात, आणि मग परत इंग्रजीकडे येतात. एवढा फेरा मारायला वेळ नको का?

दुसऱ्या वेळी आम्ही पद्धत बदलली. परीक्षेला दोनच बायका. एक विचारणारी, एक लिहिणारी. मुली जोडीने आत यायच्या. प्रश्न विचारला की मनात पाच आकडे मोजायचे. परीक्षेचे तीन भाग केले.

पहिला भाग ओळखीचा. नाव, घर, आज सकाळी काय खाल्लं, कशी आलीस. हा भीती घालवण्यापुरता.

दुसरा भाग चित्राचा. जुन्या कॅलेंडरवरची चित्रं कापून ठेवली होती. बाजार, होडी, शेत. मुलीने एक उचलायचं, एक मिनिट बघायचं आणि बोलायचं. इथे पाठांतर चालत नाही, कारण कुठलं चित्र येईल ते ठाऊक नसतं.

तिसरा भाग दोघींचा. एकीने दुकानदार व्हायचं, दुसरीने गिऱ्हाईक. किंवा एकीने स्टेशनवर डहाणू लोकल विचारायची, दुसरीने सांगायचं.

गुण वीस, चार रकाने, प्रत्येकी पाच. एक, प्रश्न कळला का. दोन, सांगायचं ते पोचलं का. तीन, शब्द आणि वाक्यं. चार, उच्चार ऐकणाऱ्याला कळला का. हे रकाने मुलींना आधीच वाचून दाखवले. कशाला गुण आहेत हे माहीत असलं की निम्मी भीती जाते.

या दुसऱ्या खेपेला एका मुलीला शेताचं चित्र आलं. पाड्यावरची, वर्गात कधी हात वर न करणारी. ती म्हणाली, "राइस. स्मॉल प्लांट. रेन कम. माय मदर पुट इन मड. मेनी वुमन. बॅक पेन." आणि कंबरेला हात लावून दाखवला. तिने आवणीचं वर्णन केलं होतं. व्याकरण मोडकं होतं, तिसऱ्या रकान्यात दोनच गुण पडले. पण सांगायचं ते पूर्ण पोचलं होतं. दुसऱ्या रकान्यात आम्ही पाच दिले. तिच्याआधी आलेल्या एका मुलीने 'माय मदर'वर दहा वाक्यं घडाघडा म्हटली होती. आम्ही विचारलं, "व्हॉट डिड युवर मदर कुक टुडे?" आईने आज काय रांधलं? ती गप्प. शीत कुठल्या पातेल्यातलं आहे, ते त्या एका प्रश्नाने कळलं.

म्हणून लक्षात ठेवा, मुलीने पाठ केलेलं म्हणून दाखवलं, तर ते ऐका आणि त्यातलंच पुढचं काहीतरी विचारा. रागावायला नको. पाठांतर वाईट नाही. शब्द तिथूनच येतात. पण ते तिथेच थांबू नये.

आता ज्यांना इंग्रजी अजिबात येत नाही, त्यांनी घरी काय करावं?

भाकरी थापताना मुलीला म्हणा, आज शाळेत काय झालं ते दोन मिनिटं इंग्रजीत सांग. तुम्हाला कळलं नाही तरी चालेल. ती किती वेळ बोलली, कुठे अडकली, अडकल्यावर पुढे गेली की थांबली, एवढं बघा. त्याला इंग्रजी लागत नाही. मग म्हणा, आता हेच मराठीत सांग. मराठीत सांगितलेलं इंग्रजीत राहून गेलं असेल, तर उद्या तेच दोन शब्द शोधायचे.

मुलीला दोन वाक्यं मात्र पक्की शिकवा: "प्लीज से इट अगेन" आणि "आय डोन्ट नो द वर्ड, बट..." प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारणं ही चूक नाही. गप्प बसलं तर समोरच्याला वाटतं, हिला काहीच येत नाही.

आणि घरात कुणीही हसायचं नाही. भावाने नाही, वडिलांनी नाही. एक हसणं महिनाभराचं तोंड बंद करतं, हे आम्ही आमच्याच खोलीत बघितलं.

शाळेतही बोला. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते आठवीच्या सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात. तिथे भांडायला नको, तीनच गोष्टी विचारा. तोंडी परीक्षेत पाठांतराशिवाय एखादा नवा प्रश्न असतो का? गुण कशाकशाला आहेत, ते मुलांना आधी सांगतात का? वर्षभरात महिन्यातून एकदा तरी प्रत्येक मुलाला बोलायची पाळी येते का? शिक्षकांना वेळ पुरत नसेल, तर जोडीने बोलायला लावून एका तासात बरीच मुलं होतात, हे आमच्या अनुभवातून सांगा.

ती मुलाखतीतून परत आलेली मुलगी अजून नोकरी शोधते आहे. एका खोलीतल्या परीक्षेने नोकरी लागते, असं आम्ही म्हणणार नाही. पण आता दर दुसऱ्या शनिवारी प्रश्न विचारणाऱ्या खुर्चीवर तीच बसते. लहान मुलींना तिचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "हाउ डिड यू कम हिअर टुडे?" आणि विचारून झालं की ती थांबते, मनात पाच आकडे मोजते.

तुमच्या गटाच्या पुढच्या मीटिंगला हिशोब झाला की दहा मिनिटं काढा. दोन मुली बोलवा, एक चित्र द्या आणि ऐका. नमस्कार.