थ्री फिफ्टीन : सरकारने निवडलेली रायफल

निवडणुकीची आचारसंहिता लागली की नाशिक जिल्ह्यातल्या पोलीस ठाण्यांत परवान्याची शस्त्रं जमा व्हायला लागतात. बारा बोअरच्या एकनाळी-दुनळी येतात, रिव्हॉल्व्हर येतात आणि त्यांच्या जोडीला लाकडी दस्त्याची, बोल्टवाली रायफलही येते. कागदावर तिचं नाव ‘.३१५ स्पोर्टिंग रायफल’, बोलण्यात ‘थ्री फिफ्टीन’. स्पोर्टिंग म्हणजे शिकारीची. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला लगाम घातला आणि १९९१ च्या दुरुस्तीने उरलेसुरले शिकारीचे परवानेही गेले. म्हणजे ही रायफल ज्या कामासाठी घडली, ते काम तिच्या आजच्या बहुतेक मालकांनी केलेलंच नाही. तरीही सामान्य भारतीयाच्या परवान्यावरची रायफल म्हटली की आधी हीच डोळ्यांसमोर येते.

शिकारीसाठी कोणती रायफल घ्यावी, यावर शिकाऱ्यांनी जगभर शाई आणि रात्री दोन्ही खर्च केल्या आहेत. त्या चर्चेत रायफलींच्या ढोबळ तीन पंगती असतात. हरणं-काळविटांसाठी हलक्या, हत्ती-गव्यासाठी .४५० आणि त्यावरच्या जड, आणि मधली पंगत मध्यम बोअरची. या मधल्या पंगतीतली सगळ्यांत नावाजलेली म्हणजे हॉलंड अँड हॉलंडची १९१२ सालची .३७५ मॅग्नम. जिम कॉर्बेटकडे हलकी आणि तिच्याहून जड अशा दोन्ही रायफली होत्या. १९०७ मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल मिळालेली हलकी .२७५ रिग्बी आणि जेफरी कंपनीची जड दुनळी. दक्षिणेत केनेथ अँडरसनने आपली .४०५ विंचेस्टर आयुष्यभर वापरली. जनावर केवढं, कातडं किती जाड, किती अंतरावरून बार काढायचा, झाडी किती दाट, यावरून बोअर, म्हणजे नळीचं माप, ठरवायचा, हा शिकाऱ्यांचा हिशोब.

हिंदुस्थानातल्या सामान्य परवानाधारकाला हा हिशोब फारसा करावाच लागला नाही. तो सरकारने आधीच करून ठेवला होता, आणि त्यात जनावर कुठेच नव्हतं.

१८५७ नंतर इंग्रज सरकारला हिंदी माणसाच्या हातातल्या बंदुकीची धास्ती बसली. व्हाइसरॉय लिटनच्या काळात, १८७८ मध्ये, शस्त्र कायदा आला आणि परवान्याशिवाय बंदूक बाळगणं गुन्हा ठरलं. पुढची काळजी काडतुसांची होती. सैन्याकडे असलेल्या मापाच्या रायफली लोकांकडे राहिल्या, तर छावणीतून चोरलेलं काडतूस त्यांत सहज बसेल. म्हणून १९०७ मध्ये .४५० बोअरवर बंदी आली, कारण जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींचं तेच माप होतं. इंग्लंडच्या बंदूक कारागिरांना मग हिंदुस्थानसाठी .४६५, .४७० अशी वेगळी मापं विकावी लागली. सैन्याची चालू .३०३ तर खासगी हातांत नकोच होती. ही धास्ती हवेतली नव्हती, हे नाशिकने लवकरच दाखवलं. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या वेळी अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. ते पिस्तूल ब्राउनिंग होतं. सावरकरांनी लंडनहून पाठवलेल्या वीस पिस्तुलांचा छडा लावता लावता सरकारने नाशिक कटाचा खटला उभा केला. कागदावरचा परवाना शस्त्राला अडवतो की नाही हे वेगळं, पण कुठल्या मापाची काडतुसं देशात सहज मिळावीत, हे सरकारच्या हातात होतं.

इथे एक परदेशी काडतूस कामी आलं. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याने १८९० च्या आसपास आपल्या मानलिखर रायफलीसाठी ८ मिलिमीटरचं, पुंगळीच्या बुडाला कडा असलेलं काडतूस घेतलं होतं. इंचात .३१५ म्हणजे बरोबर ८ मिलिमीटर. हे काडतूस ब्रिटिश सैन्य कुठेच वापरत नव्हतं, त्यामुळे छावणीतून काडतुसं चोरीला गेली तरी या मापाच्या रायफलीच्या उपयोगाचं काही हाती लागणार नाही. बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीने आपल्या ली यंत्रणेच्या शिकारी रायफली याच मापात बनवून हिंदुस्थानात विकल्या. सैनिकाच्या .३०३ ची यंत्रणा आणि परक्या सैन्याचं काडतूस अशी ही जोडी जमली. जनावरासाठी ती कशी आहे, हा विचार मागाहून झाला.

स्वातंत्र्यानंतर ही जोडी भारतीय झाली. पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल कारखान्यात सैन्यासाठी वर्षानुवर्षं .३०३ बनत होती. त्याच ली-एन्फिल्ड यंत्रणेवर नागरिकांसाठी .३१५ बनू लागली. काडतुसं मात्र आपल्याकडची. पुण्याच्या खडकीतला दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा आहे आणि .३१५ च्या पुंगळीच्या बुडाशी ‘केएफ’ ही अक्षरं असली की ती खडकीची समजायची. बारा बोअरची ‘शक्तिमान’ काडतुसंही तिथलीच. नाशिकला लागून असलेल्या जळगाव जिल्ह्यात वरणगावला १९६४ पासून दुसरा दारूगोळा कारखाना आहे. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणींच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. खडकी आणि वरणगाव पुण्याच्या म्युनिशन्स इंडियाकडे गेले, ईशापूर कानपूरच्या कंपनीकडे. रायफल मूळची बर्मिंगहॅमची, काडतूस व्हिएन्नाकडचं, आता दोन्हींवर शिक्का भारत सरकारचा.

रायफल हातात घेतली की पहिल्यांदा जाणवतो तो बोल्ट. जर्मन माउझरचा बोल्ट पुढच्या टोकाला, काडतुसाजवळ अडकतो. लीचा मागच्या बाजूला अडकतो. त्यामुळे हात वर, मागे, पुढे, खाली अशी चाल आखूड आणि चटकन होते. बोल्ट पुढे ढकलताना शेवटच्या इंचात स्प्रिंग जड लागते, कारण ली यंत्रणेत घोडा तेव्हा चढतो. मॅगझिनमध्ये पाच काडतुसं बसतात. भरताना एक गोष्ट विसरायची नाही. पुंगळीला कडा असल्यामुळे वरच्या काडतुसाची कडा खालच्या कडेच्या पुढेच असली पाहिजे. उलटी बसली तर बोल्ट पुढे ढकलताना दोन्ही काडतुसं एकमेकांत अडकतात आणि समोरचं रानडुक्कर थांबून राहत नाही.

गोळी साधारण २४४ ग्रेनची, म्हणजे जवळपास १६ ग्रॅम. नळीतून ती सेकंदाला सहाशे मीटरच्या थोड्या वर वेगाने निघते. आजच्या मानाने वेग बेताचाच, वजन मात्र भरपूर. नळीच्या तोंडाशी ऊर्जा सुमारे ३००० ज्यूल भरते. .३०-०६ ची १८० ग्रेनची गोळी ३९०० च्या आसपास जाते, .३७५ मॅग्नमची ५७०० च्या. आकड्यांनी पाहिलं तर थ्री फिफ्टीन मध्यम बोअरच्या उंबरठ्यावरच उभी आहे. पण सह्याद्रीच्या पायथ्याच्या रानात बार काढायचा तो बहुतेक शंभर मीटरच्या आत, झाडीच्या फटीतून. तिथे जड, सावकाश गोळी नांगी टाकत नाही. रानडुकराच्या खांद्यामागचं जाड कातडं आणि चरबी पार करून ती आतपर्यंत पोहोचते. दोनशे मीटरच्या पुढे मात्र ती झपाट्याने खाली येते. तिथे या रायफलीवर भिस्त ठेवण्यात शहाणपण नाही.

गोळीचा प्रकार बोअरइतकाच महत्त्वाचा. शिकारीसाठी लागते ती मऊ टोकाची गोळी. तांब्याच्या वेष्टणातून पुढे शिसं उघडं असतं, शरीरात शिरल्यावर टोक फुलतं आणि जनावर लवकर पडतं. पूर्ण वेष्टणाची लष्करी धाटणीची गोळी सरळ आरपार जाते. जनावर जखमी होऊन पळतं आणि गोळी पलीकडे कुणाला लागेल सांगता येत नाही. जुन्या काडतुसांचा आणखी एक त्रास होता. टोपीतल्या रसायनांचा अंश नळीत राहतो, तो हवेतला ओलावा शोषतो आणि लोखंड खातो. म्हणून बार झाल्यावर नळी आधी गरम पाण्याने धुवायची, मग तेल लावायचं, अशी जुन्या शिकाऱ्यांची शिस्त होती. इगतपुरीच्या पावसात ती मोडली, तर पुढच्या हंगामात नळीत खड्डे दिसणार.

कायदा आजही मापाच्याच भाषेत बोलतो. शस्त्र नियमांच्या यादीत .३०३ आणि ७.६२ मिलिमीटरच्या बोल्ट-ॲक्शन व सेमी-ऑटोमॅटिक रायफली नागरिकाला निषिद्ध आहेत, आणि त्याबरोबर या मापांचं लष्करी काडतूस चालवू शकेल अशी कुठलीही रायफल. भर आहे तो काडतुसाच्या जागेवर. म्हणूनच ईशापूरने काढलेली .३०-०६ स्पोर्टिंग रायफल परवान्यावर चालते, जरी तिच्या नळीचं माप ७.६२ मिलिमीटरच आहे. १९०७ चा विचार अजून कायद्याच्या कलमांत जिवंत आहे. आणि निषिद्ध ठरलेली .३०३ सरकारच्या हातात मात्र किती काळ राहिली? २००८ च्या मुंबई हल्ल्याच्या रात्री आपल्या अनेक पोलिसांच्या हातात तीच होती.

ज्यांना खरी मध्यम बोअर हवी, त्यांच्यासाठी वाट अरुंद आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून खासगी माणसाला शस्त्र आयात करणं जवळजवळ बंद झालं. .३७५ किंवा .४२३ माउझर आज दिसते ती बहुतेक आजोबांच्या काळातली, वारशाने आलेली. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने तेही अवघड केलं. एका माणसाला आता तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात आणि वारशाचं शस्त्रही त्याच दोनांत मोजलं जातं. त्यामुळे एखाद्या वारसाला आजोबांची रायफल ठेवायची की स्वतःची, असा प्रश्न पडतो.

मग आज नाशिकमध्ये रायफलीचा जनावराशी संबंध येतो कुठे? निफाडच्या उसात बिबट्याची मादी बछडी घालते. सुरगाणा-पेठच्या डोंगराकडेच्या शेतांत, दिंडोरीच्या मक्यात रानडुकरं रात्रीत पीक उलथून टाकतात. बिबट्या वन्यजीव कायद्याच्या अनुसूची एकमध्ये आहे. तो माणसांवर हल्ले करू लागला तर निर्णय मुख्य वन्यजीव रक्षकाचा, आणि आधी प्रयत्न पिंजरा व बेशुद्धीच्या बंदुकीचा. रानडुक्कर २०२२ च्या दुरुस्तीनंतर अनुसूची दोनमध्ये आलं. ते पिकासाठी किंवा माणसासाठी धोका ठरलं तर कलम ११ खाली वनखात्याच्या परवानगीने मारता येतं. त्याआधी २०१५ मध्येच राज्य सरकारने ही परवानगी सुलभ केली होती. मारलेलं जनावर सरकारची मालमत्ता असतं, मारणाऱ्याचं मटण नव्हे. जीव वाचवण्यासाठी हातून जनावर मेलं, तर कायदा त्याला गुन्हा मानत नाही.

शेतकऱ्याच्या हातात काय असावं, याचा कायद्याने फार पूर्वीच विचार केला आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्ये पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक आणि संरक्षण किंवा खेळासाठी किमान वीस इंची गुळगुळीत नळीची बंदूक यांची स्पष्ट नोंद आहे. नेमबाजी क्लबाच्या सदस्यासाठी .२२ रायफल आहे. थ्री फिफ्टीन या यादीत नाही. तिचा परवाना मागायचा तर अधिकाऱ्याला कारण पटवून द्यावं लागतं.

या यादीत शहाणपण आहे. दिंडोरी-निफाडचं शिवार मचाणाचं रान नाही. द्राक्षाच्या मांडवांमागे वस्ती आहे, वस्तीमागे रस्ता, रस्त्यापलीकडे दुसऱ्याचं शेत. थ्री फिफ्टीनची गोळी जनावराला चुकली तर दोन-तीन किलोमीटर जाऊ शकते. बारा बोअरचे एलजी-एसजी हे मोठे छर्रे चाळीस मीटरपर्यंत कामाचे आणि पुढे वेग लवकर टाकतात. सपाट शिवारात रात्री बॅटरीच्या उजेडात डुकरावर रायफल चालवायची, तर गोळी पलीकडच्या बांधात किंवा टेकडीत नक्की रुतेल अशी जागा आधी शोधावी लागते. ती नसेल तर बार काढायचा नाही, डुकराने अख्खा मका खाल्ला तरी चालेल.

आपल्याकडे रायफलीचं माप एका शतकाहून जास्त काळ जनावर पाहून कधीच ठरलं नाही. ते इंग्रजांनी सैन्याची काळजी करून ठरवलं आणि आपण ते तसंच चालवत आलो. आजच्या नाशिकमध्ये वनखात्याची परवानगी हातात घेऊन शिवारात उभ्या असलेल्या माणसालाही जनावराआधी जागाच पाहावी लागते. फरक एवढाच, की तेव्हाचं माप सरकारच्या भीतीतून आलं. आताचं माप शेजारच्या वस्तीच्या काळजीतून यायला हवं. त्या मापात दिंडोरीच्या मक्यासाठी बारा बोअर बसते, आणि थ्री फिफ्टीन फक्त तिथेच, जिथे गोळीच्या मागे माती आहे.