चाकांवरचे घर आणि घरचा जमाखर्च

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, आणि तेव्हापासून आपल्या व्यापारी कुटुंबांतील तरुण मंडळींच्या बोलण्यात मोटारहोम हा शब्द वारंवार येऊ लागला. आपल्या समाजाला या वाहनाची ओढ वाटावी हे स्वाभाविकच आहे. सूर्यास्तापूर्वी भोजन, उकळलेले पाणी, कंदमुळाविना स्वयंपाक हे सारे प्रवासात सांभाळताना गृहिणीची किती ओढाताण होते, हे यात्रेला गेलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. स्वतःचे स्वयंपाकघर बरोबर असले तर निम्मी काळजी मिटते. प्रश्न एवढाच की, ही सोय विकत कधी घ्यावी आणि कशी.

रायगड जिल्ह्यात पेण आणि नागोठणे यांच्या दरम्यान असलेल्या कासूसारख्या गावातील एखाद्या दुकानदार कुटुंबाचा विचार करू. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणात पळस्पे ते कासू आणि कासू ते इंदापूर असे प्रत्येकी ४२ किलोमीटरचे दोन भाग पाडले गेले, त्यामुळे हे नाव वर्तमानपत्रांतून सर्वांच्या परिचयाचे झाले. अशा गावातील घराला अंगण असते, म्हणजे वाहन उभे करण्याची जागा असते. मुंबईच्या सोसायटीत राहणाऱ्यास हे भाग्य नाही. त्याने प्रथम जागेचाच विचार करावा.

वाहनाची किंमत सारेच विचारतात. माझ्या मते पहिला प्रश्न दिवसांचा आहे. वर्षाचे पंचांग समोर ठेवावे. चातुर्मासात आपण प्रवास टाळतो, आणि कोकणात तेच दिवस मुसळधार पावसाचे. दिवाळीत दुकान सोडता येत नाही. लक्ष्मीपूजनापासून लाभपंचमीपर्यंत मालकाने गादीवर असावेच लागते. मार्चअखेर हिशेबाची. एप्रिल-मे मुलांच्या सुट्टीचे खरे, पण लग्नसराईचेही, आणि त्या उकाड्यात किनाऱ्यालगत वातानुकूलनाविना वाहनात झोपणे कठीण. उरला कार्तिक पौर्णिमेपासून फाल्गुनापर्यंतचा काळ. कार्तिक पौर्णिमेस शत्रुंजयाची यात्रा पुन्हा सुरू होते, कुंभोज-बाहुबली किंवा मांगीतुंगीलाही याच हवेत जावे. परंतु या चार महिन्यांत दुकान मागे कोण पाहणार? प्रामाणिकपणे मोजले तर वर्षाचे वीस दिवस निघतात. पंचवीस निघाले तर ते कुटुंब भाग्यवान.

आता उदाहरणादाखल आकडे मांडू. अंतर्गत सजावटीसह वाहन तीस लाखांस पडले, दहा लाख स्वतःचे घातले आणि वीस लाखांचे कर्ज दहा टक्के दराने पाच वर्षांसाठी घेतले असे धरू. मासिक हप्ता सुमारे ४२,५०० रुपये होतो आणि पाच वर्षांत साडेपाच लाख व्याज जाते, म्हणजे वर्षाला एक लाख दहा हजार. विम्याच्या प्रचलित कोष्टकाप्रमाणे पाचव्या वर्षी वाहनाचे मूल्य निम्मे धरले जाते. ही घट वर्षाला तीन लाख. विमा, देखभाल आणि टायर यांसाठी नव्वद हजार धरले की बेरीज पाच लाख होते. वीस दिवसांनी भागल्यास दिवसाला पंचवीस हजार रुपये, आणि यात डिझेल नाही, स्वतःच्या दहा लाखांवर बुडालेले व्याजही नाही. हेच वाहन वर्षाला साठ दिवस वापरले तर दिवसाचा भार साडेआठ हजारांच्या आत येतो.

म्हणून वार्षिक खर्चाला भाड्याच्या दैनिक दराने भागावे. भाडे दहा हजार असेल तर भागाकार पन्नास येतो. तेवढे दिवस खरोखर वापर होणार नसेल तर भाड्याने घ्यावे. दोन वर्षे, दोन निरनिराळ्या ऋतूंत भाड्याचे वाहन नेऊन पाहावे, त्यातील एक फेरी आजी-आजोबांसह असावी. खरेदीची वेळ कोणती, असे मला कोणी विचारले तर मी सांगेन: मुलगा दुकान स्वतंत्रपणे सांभाळू लागला आणि आपले गुडघे अजून पायऱ्या चढतात, ती मधली सात-आठ वर्षे. त्याआधी वाहन अंगणात उभे राहते, त्यानंतर ते चालविणारा मिळत नाही.

वेळ ठरली की पद्धतीचा विचार. जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन ओळखीच्या गॅरेजात पलंग आणि ओटा बसवून घेण्याचा मोह अनेकांना होतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार वाहनाच्या मूळ रचनेत मनाजोगते फेरबदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. नोंदणी पुस्तकात जे नाही ते वाहनात आढळले की विम्याचा दावा अडतो. मान्यताप्राप्त रचनेचेच वाहन घ्यावे आणि नोंदणी पुस्तकात ते कॅम्पर म्हणून नोंदले आहे ना, हे पाहूनच शेवटचा हप्ता द्यावा. कर्ज खात्यात काम करताना मी नेहमी हेच पाही की, सांगाड्याचे बिल आणि सजावटीचे बिल वेगळे आहे काय. कारण बँक दुसऱ्यावर हात आखडता घेते, आणि ग्राहकाला ते आगाऊ रक्कम देऊन झाल्यावर कळते.

पेढीच्या नावे घेऊ, कर वाचेल, हा युक्तिवाद घरोघरी होतो. चालकासह तेरापेक्षा अधिक आसने नसलेल्या प्रवासी वाहनावर भरलेला जीएसटी सर्वसाधारण व्यापाऱ्यास वजावट म्हणून मिळत नाही. घसाऱ्यातूनही खासगी वापराचा हिस्सा वगळला जातो. तसेच खासगी नोंदणीचे वाहन रिकाम्या दिवसांत भाड्याने देता येत नाही. त्यासाठी परवाना लागतो. हा बेत हिशेबात धरूच नये.

परवान्याची अडचण मात्र नाही: साडेसात हजार किलो एकूण वजनापर्यंतचे वाहन हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालते. विजेचे गणित अधिक नाजूक आहे. १२ व्होल्टच्या २०० अँपिअर-अवर बॅटरीत सुमारे २.४ युनिट वीज मावते; तेवढ्यावर एक टनाचे वातानुकूलन यंत्र दोन तासांच्या आसपास चालेल. म्हणजे रात्रीच्या मुक्कामी धर्मशाळेतून वीज घ्यावी लागणार, हे गृहीत धरावे. शौचालयाची टाकी रिकामी कोठे करायची, हेही विक्रेत्याला तोंडावर विचारावे. ओढ्यात नव्हे, एवढे तर आपल्याला सांगायला नको.

नोंदणी शक्यतो जानेवारीनंतर, चालू वर्षी तयार झालेल्या वाहनाची करावी. पुढे विकताना खरेदीदार उत्पादनाचे वर्ष पाहतो. डिसेंबरात मिळणारी सवलत त्याच कारणाने मिळत असते. वाहन ताब्यात घेताना पाण्याची टाकी भरून, भांडीकुंडी, शिधा आणि सारे कुटुंब बसवून ते एकदा वजनकाट्यावर न्यावे. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. काट्याचा आकडा नोंदणी पुस्तकातील एकूण वजनाच्या पुढे गेला, तर विक्रेत्याशी बोलणे तेथूनच, चावी हाती घेण्यापूर्वी करावे.